तुंबलेल्या पाण्याचा मालक कोण?

26 जुलै 2005 च्या पावसाचा जो आकडा जगभर छापला गेला, तो आमच्या सांताक्रूझचा. इथल्या वेधशाळेत चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्याच चोवीस तासांत कुलाब्याला जेमतेम 73. म्हणजे मंत्रालयाच्या बाजूला छत्रीत भागलं असेल आणि इकडे वाकोल्यात तळमजले बुडाले होते. साधारण महिनाभरानं, 29 ऑगस्टला, अमेरिकेत कतरिना वादळ आलं, बांध फुटले आणि न्यू ऑर्लीन्स पाण्याखाली गेलं.

या दोन पुरांचं भांडण आमच्या घरात आणलं ते भाचीनं. ती न्यू जर्सीत एडिसनला राहते, तिथली नागरिक आणि मतदार आहे. आमचे हे, म्हणजे तिचा मामा, वाकोल्याच्या शाखेत आयुष्य घालवलेले. कुठल्या सेनेची शाखा, हे 2022 पासून आमच्याकडे विचारत नाहीत. मी बँकेतून निवृत्त झालेली. मधेमधे तोंड घालते. पुढचं सगळं एका बैठकीतलं नाही. तिच्या मुक्कामात जे तुकड्यातुकड्यानं चाललं होतं, ते शिव्या वगळून उतरवलंय.

भाची : पक्ष भांडायला लागले की चूक कुणाची हे कधीच कळत नाही, मामा. कतरिनाच्या वेळचं बघ. राष्ट्राध्यक्ष बुश रिपब्लिकन. लुइझियानाच्या गव्हर्नर कॅथलीन ब्लँको डेमोक्रॅट. न्यू ऑर्लीन्सचा महापौर रे नेगिन तोही डेमोक्रॅट. माणसं स्टेडियममध्ये अडकलेली आणि टीव्हीवर एकच चाललेलं, बस कुणी पाठवायच्या, सैन्य कुणी मागायचं, कुणाचा कागद कुणाकडे पोचला नाही.

मामा : मग आमच्याकडे काय वेगळं होतं? राज्यात मुख्यमंत्री विलासराव देशमुख, काँग्रेस-राष्ट्रवादी. पालिकेत आमची युती. आम्ही म्हणायचो, मिठी नदी तुमच्या एमएमआरडीएनं आवळली, बीकेसी उभं करताना खाजण बुजवलं. ते म्हणायचे, नाले तुम्ही साफ केले नाहीत, पावसाचं पाणी वाहून नेण्याच्या योजनेचा, ब्रिमस्टोवॅडचा, अहवाल 1993 पासून पालिकेच्या कपाटात पडलाय. दोन्ही खरं होतं गं! भांडलो नसतो तर यातलं एकही बाहेर आलं नसतं.

भाची : बाहेर येऊन झालं काय? 2007 ला पालिकेत परत तुम्हीच. 2009 ला राज्यात परत तेच. ज्याची त्याला खुर्ची परत.

मामा : तुमचा नेगिनसुद्धा 2006 ला परत निवडून आलाच की.

भाची : आला. पुढे 2014 मध्ये लाचखोरीत दहा वर्षांची शिक्षा झाली, ते वेगळं. पण ब्लँको बाईंनी पुन्हा उभं राहायचं नाही असं ठरवलं. आणि आपत्कालीन मदत खात्याचा, फेमाचा, प्रमुख मायकेल ब्राउन दोनेक आठवड्यांत घरी गेला. हा माणूस आधी अरबी घोड्यांच्या संघटनेत होता, हे तेव्हा सगळ्या देशाला कळलं.

मामा : कळवलं पेपरवाल्यांनी. पण लावून कुणी धरलं? विरोधकांनीच ना?

भाची : इथंच तू चुकतोस. प्रतिनिधिगृहानं चौकशी समिती नेमली, तिच्यावर डेमोक्रॅटांनी पक्ष म्हणून बहिष्कार टाकला. अहवाल लिहिला रिपब्लिकनांनी, फेब्रुवारी 2006 मध्ये. आणि त्यात त्यांनी आपल्याच सरकारला सोडलं नाही.

यावर मामा थोडे गप्प झाले. सत्ताधाऱ्यांनी स्वतःच्या सरकारविरुद्ध लिहायचं, ही गोष्ट शाखेत बसून पटणारी नव्हे. आपल्याकडेही समिती झाली होती. माधवराव चितळ्यांची, मार्च 2006 मध्ये तिचा अहवाल आला. चितळे मोठे जलतज्ज्ञ, 1993 चा स्टॉकहोम जलपुरस्कार मिळालेले. त्यांची समिती नदी, नाले आणि पाणलोट याविषयी बोलली. कुणाला घरी पाठवायचं, हा प्रश्न मुळात तिच्यापुढे ठेवलाच नव्हता.

मामा : बरं, समजा लिहिलं. मग आज तुमचे लोक असं का लिहीत नाहीत?

भाची : कारण लिहिणाऱ्याची जागा जाते. 6 जानेवारी 2021 ला कॅपिटॉलवर हल्ला झाला. त्यानंतर ट्रम्पवर दुसऱ्यांदा महाभियोग चालवायला प्रतिनिधिगृहातल्या दहा रिपब्लिकनांनी मत दिलं. दहातले दोनच पुढच्या सभागृहात परत आले. काहींनी आपणहून रामराम ठोकला, बाकीचे स्वतःच्याच पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत पडले. लिझ चेनी तर माजी उपराष्ट्राध्यक्षाची मुलगी. ऑगस्ट 2022 मध्ये तिचीही उमेदवारी गेली. सिनेटमध्ये 57 विरुद्ध 43 मतं पडली, सात रिपब्लिकन विरोधात गेले, तरी दोन तृतीयांश भरले नाहीत. राष्ट्राध्यक्ष निक्सन 1974 मध्ये राजीनामा देऊन गेला, तेव्हा त्याच्याच पक्षाचे पुढारी व्हाइट हाउसमध्ये जाऊन सांगून आले होते की सिनेटमध्ये तुम्हाला मतं नाहीत. आता तसं सांगायला कोण जाईल?

मामा : तुमच्याकडे निदान विरोधात मत देता येतं. आमच्याकडे 1985 पासून पक्षांतरबंदी आहे. व्हिप मोडला की आमदारकी जाते.

भाची : जाते? 2022 मध्ये सेना फुटली तेव्हा कुणाची गेली?

हा प्रश्न विचारायचा नव्हता. पण विचारला गेला, आणि मला वाटतं, सगळ्या वादातला खरा भाग इथून सुरू झाला. विधानसभा अध्यक्षांनी 10 जानेवारी 2024 ला निकाल दिला, तो असा की शिंदे गट हीच शिवसेना, आणि अपात्र कुणीच नाही. ना इकडचे, ना तिकडचे. एकट्यानं विवेकाला स्मरून वेगळं मत दिलं तर आमदारकी धोक्यात आणि घोळक्यानं गेलं तर पक्षच आपला. मामांचा चेहरा पाहून मी भाचीला डोळ्यानं खुणावलं. तिनं दुर्लक्ष केलं. अमेरिकेत राहून ही एक सवय लागते.

भाची : मामा, रागावू नकोस. 1997 ते 2022, पंचवीस वर्षं पालिका शिवसेनेकडे. त्यातली बहुतेक वर्षं भाजप बरोबर. 2017 ला युती तुटली, सेनेचे 84 आणि भाजपचे 82 आले, तर भाजपनं महापौरपदाला उमेदवारच दिला नाही, म्हणाले आम्ही पहारेकरी. मग सेनाच फुटली. आता पंचवीस वर्षांत तुंबलेल्या पाण्याचा जाब विचारायचा झाला, तर विचारणारा कोण आणि देणारा कोण? दोन्ही बाजूंना तीच माणसं आहेत.

मामा : दोन्ही बाजूंना आहेत म्हणूनच सगळं बाहेर येतं. आतली माहिती असणारा माणूस पलीकडे गेला की कपाटं उघडतात. मिठीच्या गाळाचंच बघ. गाळ काढला म्हणून बिलं घेतली, गाळ टाकायच्या जागांची कागदपत्रं खोटी होती, असं प्रकरण. मे 2025 मध्ये आर्थिक गुन्हे शाखेनं गुन्हा नोंदवला, पासष्ट कोटींच्या घरातला. सभागृहात आमदारांनी आवाज केला म्हणून ना?

भाची : कुठल्या आमदारांनी? जे आता सत्तेत आहेत, त्यांनी. आणि कुणाच्या काळातल्या कामांबद्दल? विरोधात आहेत, त्यांच्या. उद्या त्यातला एखादा इकडे आला तर कपाट बंद.

मामा : बंद होतं, खरंय. पण एकदा नोंदलेला गुन्हा रजिस्टरातून पुसता येत नाही. पुढचा कुणीतरी विरोधक तो परत काढतो. सूडबुद्धीनंच काढतो! मला त्याच्या हेतूशी काय करायचंय? चांगल्या हेतूच्या माणसाची वाट बघत बसलीस तर मिलन सबवेत पोहायची वेळ येईल.

हे म्हणणं मला पटतं. भाचीच्या बोलण्यात एक स्वच्छ, पक्षविरहित नागरिक गृहीत धरलेला असतो, आणि असा नागरिक मी बँकेच्या काउंटरवर कधी पाहिला नाही. तक्रार करायला येणाऱ्याचं काहीतरी अडलेलं असतं, म्हणूनच तो येतो. 1981 मध्ये सिमेंटच्या कोट्याच्या बदल्यात ट्रस्टला देणग्या घेतल्याच्या प्रकरणात मुख्यमंत्री अंतुल्यांना कोर्टात खेचणारे विरोधी पक्षांचेच लोक होते. त्यांना सत्ता हवी होती, यात काय गुपित आहे? न्यायमूर्ती लेंटिन यांनी जानेवारी 1982 मध्ये अंतुल्यांविरुद्ध निकाल दिला आणि मुख्यमंत्री गेले.

भाची : गेले कारण इंदिरा गांधींनी जा म्हटलं. आणि जागी कोण आलं? बाबासाहेब भोसले. महाराष्ट्रानं मागितले होते का? तेही दिल्लीनं पाठवले. 2008 मध्ये ताजवरच्या हल्ल्यानंतर गृहमंत्री आर. आर. पाटील गेले, आठवडाभरात विलासराव गेले. तेही दिल्लीनंच. पण 2005 च्या पुरात मुंबईत चारशेवर माणसं गेली, राज्यात हजारावर, तेव्हा त्याच विलासरावांना दिल्लीनं काही म्हटलं नाही. तुमचे पुढारी उत्तर देतात, पण वर बघून देतात. खाली वाकोल्यात कुणाला देत नाहीत.

मामा : आणि तुमचे?

भाची : आमचे आता बाजूला बघून देतात. म्हणजे स्वतःच्या पक्षाच्या कट्टर मतदाराला. बाकीच्यांशी त्यांना काही देणंघेणं नाही.

मामांनी यावर एक चाल खेळली, ती भाचीला अपेक्षित नव्हती. त्यांना न्यू जर्सीचं राजकारण तिच्याइतकंच ठाऊक आहे. युट्यूबची कृपा.

मामा : तुझ्याच राज्याचा सिनेटर, मेनेंडेझ. घरात सोन्याच्या विटा सापडल्या ना?

भाची : सापडल्या. सप्टेंबर 2023 मध्ये आरोपपत्र आलं आणि आमच्या डेमोक्रॅट गव्हर्नरनं लगेच म्हटलं, राजीनामा द्या. त्याच्याच पक्षाच्या अर्ध्याहून जास्त सिनेटरांनीही तेच म्हटलं. जुलै 2024 मध्ये दोषी ठरला, ऑगस्टमध्ये राजीनामा, पुढे अकरा वर्षांची शिक्षा. याला म्हणतात पक्षानं आपल्या माणसाला जाब विचारणं.

मामा : थांब, थांब. त्याच्यावर आधीही एक खटला होता. 2017 मध्ये. ज्यूरीचं एकमत झालं नाही. तेव्हा पक्षानं काय केलं?

भाची : तेव्हा... पाठीशी उभा राहिला. 2018 ला मेनेंडेझ परत निवडून आला.

मामा : आणि 2017 मध्ये तुमचा गव्हर्नर कुठल्या पक्षाचा होता?

भाची : ख्रिस क्रिस्टी. रिपब्लिकन.

मामा : म्हणजे तेव्हा मेनेंडेझ गेला असता तर गव्हर्नरनं त्याच्या जागी रिपब्लिकन माणूस बसवला असता. 2023 मध्ये गव्हर्नर आपलाच, तेव्हा त्याच्या जागीही आपलाच. फुकटात नीतिमान होता आलं, एवढंच! आमचे पुढारी एवढे हिशेबी असते तर आम्ही कधीचे सुधारलो असतो.

भाची मनापासून हसली. मग म्हणाली, की हा हिशेब तिथल्या एकाही जेवणात तिला कुणी मांडून दाखवला नव्हता. तिच्या ओळखीच्या मराठी घरांमध्ये आता गणपतीच्या दर्शनालासुद्धा राजकारण काढायचं नाही असा नियम आहे. नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे, आणि मुलगा दोघांनाही मोडीत काढणारा. मला हा नियम घातक वाटतो. ज्या घरात वाद बंद झाला, तिथं प्रत्येकजण आपापल्या फोनवरच्या माणसाचं ऐकतो, आणि तो फोनवरचा माणूस कुणालाही उलटा प्रश्न विचारू देत नाही.

तरी भाचीच्या एका मुद्द्याला मामांकडे उत्तर नव्हतं. तो आमच्या पालिकेच्या रचनेचा.

भाची : नेगिन वाईट होता, पण शहराचा कारभार त्याच्या हातात होता. पोलीस त्याचे. मतदाराला समोर एक तोंड दिसत होतं. तुमच्या महापौराच्या हातात काय असतं?

मामा : मान.

भाची : आणि कारभार?

मामा : आयुक्ताच्या हातात. 1888 च्या कायद्यापासून. आयुक्त राज्य सरकार नेमतं. आम्ही मध्यंतरी महापौर परिषद आणली होती, 1998 मध्ये. वर्षभरात गुंडाळली.

भाची : म्हणजे तुम्ही निवडणुकीत ज्याच्याशी भांडता त्याच्या हातात कारभार नाही. ज्याच्या हातात कारभार आहे, तो निवडणुकीला उभा राहत नाही. आणि त्याला नेमणारा मुख्यमंत्री म्हणतो, नाले पालिकेचे.

याचं टोक आपण अलीकडेच पाहिलं. नगरसेवकांची मुदत 7 मार्च 2022 ला संपली. पुढचं मतदान झालं 15 जानेवारी 2026 ला. मधल्या काळात 227 पैकी एकही नगरसेवक नाही, सभागृह नाही, स्थायी समिती नाही. प्रशासक होते, आणि प्रशासक म्हणजे आयुक्तच. 2025-26 चा अर्थसंकल्प 74,427 कोटींचा होता. काही छोट्या राज्यांचे अर्थसंकल्प याहून लहान असतात. तो प्रशासनानं मांडला आणि प्रशासकानं मंजूर केला. बँकेत पाचशे रुपयांच्या व्हाउचरवरसुद्धा करणारा एक आणि तपासणारा दुसरा लागतो. एकानंच दोन्ही सह्या केल्या तर निलंबन. इथं हजारो कोटींवर दोन्ही सह्या एकाच खुर्चीच्या होत्या, आणि गंमत म्हणजे त्या काळात पक्ष एकमेकांशी आधी कधी नव्हे इतके भांडत होते. खोके, गद्दार, मर्द, सगळं झालं. निवडणूक का होत नाही यावरही भाषणं झाली. पण प्रभात कॉलनीतल्या एच पूर्व वॉर्डाच्या कचेरीत जाऊन, सभागृहात मांडता येईल असा एक प्रश्न लेखी टाकायला अधिकृत माणूसच नव्हता.

मामा : हे मात्र कबूल. शाखेत माणसं यायची नळाच्या पाण्याच्या, गटाराच्या तक्रारी घेऊन. मी कुणाकडे पाठवू? माजी नगरसेवक म्हणजे नुसता ओळखीचा माणूस.

भाची : मग त्या काळात जाब कुणी विचारला? कोर्टानं. ऑक्टोबर 2025 मध्ये उच्च न्यायालयानं सांगितलं की खड्ड्यामुळं माणूस मेला तर सहा लाख भरपाई द्या आणि ती दोषी अधिकाऱ्यांकडून, ठेकेदारांकडून वसूल करा. त्यात कुठं पक्ष होता?

मामा : आणि खड्डा बुजवला का कोर्टानं? कोर्ट मेल्यावरचं बोलतं. 2017 च्या ऑगस्टमध्ये एल्फिन्स्टनजवळ एक नामवंत डॉक्टर उघड्या मॅनहोलमध्ये पडून वाहून गेले. तेव्हा सभागृहात आम्हाला इतर पक्षांनी इतकं धुतलं की त्यानंतर मॅनहोलना जाळ्या बसवायचं काम सुरू झालं. धुणारे भाजपचे होते, मनसेचे होते, काँग्रेसचे होते. त्यांना आमची खुर्ची हवी होती. हवी होती म्हणून जाळ्या बसल्या.

भाची : सगळ्या बसल्या?

मामा : सगळ्या नाही.

दोघांत कोण बरोबर, याचा निवाडा करायला मला कुणी बसवलेलं नाही, तरी सांगते. भांडण हवंच, यात मी मामांच्या बाजूनं आहे. पण ते कुठं व्हावं, याबाबत भाचीच्या. चॅनेलवर झालेल्या भांडणाचं इतिवृत्त निघत नाही. सभागृहात विचारलेल्या प्रश्नाला क्रमांक असतो, उत्तराला अधिकाऱ्याची सही असते, आणि ते उत्तर खोटं निघालं तर पाच वर्षांनी, पक्ष बदलल्यावरही, तो कागद कुणालाही काढता येतो. अमेरिकेतही आज जे काही उरलंय ते मला याच जागी दिसतं. सप्टेंबर 2013 मध्ये न्यू जर्सीत जॉर्ज वॉशिंग्टन पुलाच्या मार्गिका मुद्दाम बंद करून फोर्ट ली गावाची कोंडी केली गेली, कारण तिथल्या महापौरानं गव्हर्नर क्रिस्टीला पाठिंबा दिला नव्हता. ते ईमेल बाहेर आले विधिमंडळाच्या समितीनं नोटिसा काढून मागवले म्हणून. समिती डेमोक्रॅटांची होती, हेतू राजकीयच होता. पुढं सर्वोच्च न्यायालयानं मदतनिसांच्या शिक्षा रद्द केल्या, आणि क्रिस्टीनं स्वतःची मुदत पुरी केली. तरी ईमेल लोकांसमोर राहिले ते राहिलेच.

जाण्याच्या आदल्या दिवशी भाचीनं गझदरबंधचं पंपिंग स्टेशन बघायचं म्हटलं. मामा घेऊन गेले. बाहेरूनच, आत कोण सोडतंय. येताना मिलन सबवेजवळ रिक्षा थांबवून त्यांनी तिला पाणी साठवायची भुयारी टाकी कुठं बांधलीय ते दाखवलं. घरी येऊन पुन्हा सुरू.

भाची : आता नवे नगरसेवक आलेत. यंदा गाळ किती काढला, हे कोण तपासणार?

मामा : ठेकेदारानं गाडीचे व्हिडिओ द्यायचे आणि ते संगणकावर तपासायचे, असं पालिकेनं केलंय.

भाची : व्हिडिओ ठेकेदाराचा, तपासणी पालिकेची. बाहेरचा माणूस कुठंय?

मामा : नगरसेवक आहे की. प्रभाग समितीत विचारेल, कुठल्या नाल्यातून किती टन, कुठं टाकला, वजनकाट्याच्या पावत्या दाखवा.

भाची : आणि तो सत्ताधारी पक्षाचा असला तर?

मामा : तर शेजारच्या वॉर्डातला विरोधी पक्षाचा विचारेल. मीच लिहून देईन त्याला प्रश्न.

भाची : तू? दुसऱ्या पक्षाच्या माणसाला?

मामा : वाकोला नाल्याला पक्ष आहे का? आणि हे शाखेत सांगू नकोस.

भाची : समजा त्यांनी उत्तरच दिलं नाही?

मामा : मग पुढच्या सभेत परत विचारायचं.